मुलांचा एडीएचडी आणि चिनी औषधं : खान्देशातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

मुलाच्या चंचलपणाची तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांशी बोलताना अलीकडे चिनी औषधाचा विषय हमखास निघतो. कोणाच्या मेहुण्याने सुरतहून बाटली पाठवलेली असते, कोणाला मोबाइलवर जाहिरात दिसलेली असते, कोणाला ‘इंग्रजी गोळ्यांची’ धास्ती असते. मी या मुलांसोबत आणि त्यांच्या आईवडिलांसोबत काम करते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. औषधाचा डोस मात्र इथून घेऊ नका, तो तुमच्या मुलाला तपासलेल्या डॉक्टरांनीच ठरवायचा असतो.

“मना पोऱ्या एक जागे बठतच नही.” म्हणजे त्याला एडीएचडी आहे का?

तेवढ्यावरून नाही. एडीएचडी म्हणजे वयाच्या मानाने लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा त्रास. सहा वर्षांचं पोर वर्गात तास-दीड तास हलायचं नाही, ही अपेक्षाच जास्तीची आहे. निदान ठरलेल्या निकषांवर होतं. लक्ष न लागण्याची ९ लक्षणं आणि अतिचंचलपणा-उतावीळपणाची ९ लक्षणं असे दोन गट आहेत. त्यातल्या किमान एका गटातली ६ किंवा जास्त लक्षणं ६ महिन्यांहून अधिक काळ असावी लागतात. ती वयाच्या १२ वर्षांआधी सुरू झालेली असावीत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत, आणि त्यामुळे मुलाचा अभ्यास, मैत्री किंवा घरातलं वागणं खरोखर अडत असावं. फक्त एका शिक्षकाच्या तासाला गोंधळ घालणारा आणि बाकी सगळीकडे नीट असणारा मुलगा असेल, तर आधी त्या तासाकडे बघावं.

पालक आले की मी वही मागते. अशा मुलाच्या वहीत पुष्कळदा पहिल्या तीन ओळी सुबक असतात. चौथ्या ओळीपासून अक्षर खाली घसरतं, शब्दातली काना-मात्रा सुटते, मग अर्धं पान कोरं आणि समासात ट्रॅक्टरचं चित्र. याला आपण आळस म्हणतो. पण त्या पहिल्या तीन ओळी सांगतात की मुलाला लिहिता येतं, ते लक्ष टिकवणं त्याला जमत नाही.

जगभरात साधारण १०० मुलांमागे ५ मुलांना हा त्रास असतो. मुलग्यांमध्ये निदान जास्त होतं. मुली मात्र सुटून जातात, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणी दंगा करत नाहीत, खिडकीबाहेर बघत गप्प बसतात. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. “मीही लहानपणी असाच होतो,” असं वडील हसत सांगतात, तेव्हा ती महत्त्वाची माहिती असते.

निदानाआधी कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात?

कान आणि डोळे आधी. फळा न दिसणारं मूल लक्ष देत नाही, असंच वाटतं. झोप कशी आहे, घोरतो का, मध्येच काही सेकंद शून्यात बघत राहतो का (तो फिट्सचा एक प्रकार असू शकतो), थायरॉइड आणि रक्ताचं प्रमाण, हे सगळं डॉक्टरांना विचारू द्या. शरीरात लोह कमी असलं की लक्ष आणखी ढळतं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या आणि सातपुड्याच्या पट्ट्यातल्या पालकांना एक वेगळं सांगणं आहे. भिल्ल, पावरा, मावची समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. सिकलसेलच्या मुलांमध्ये मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना नकळत इजा होऊन लक्ष आणि स्मरण कमी होऊ शकतं. त्यामुळे तिकडच्या मुलाची सिकलसेल तपासणी झालेली नसेल तर ती आधी करा, आणि तोवर मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका.

चिनी पद्धतीत एडीएचडीबद्दल काय सांगितलं आहे?

एडीएचडी हे निदान आधुनिक आहे, जुन्या चिनी ग्रंथांत ते नाही. तिथला वैद्य नाडी आणि जीभ पाहतो, झोप-भूक-घाम विचारतो आणि मुलाला एखाद्या ‘बिघाडाच्या ठेवणी’त बसवतो. यकृत-मूत्रपिंडातलं ‘यिन’ (शांत, थंड बाजू) कमी होऊन ‘यांग’ (उष्ण, चंचल बाजू) उसळणं, हृदय आणि प्लीहा दुर्बळ होणं, कफ आणि उष्णता मिळून मन अस्वस्थ करणं, या तीन ठेवणी नेहमी सांगितल्या जातात. वात-पित्त-कफ ऐकत वाढलेल्या आपल्या माणसाला हे परकं वाटत नाही, आणि म्हणूनच ते लवकर पटतं. पटणं आणि मुलावर लागू पडणं यातलं अंतर मात्र तपासावंच लागतं.

उपचारात काढे, दाणेदार चूर्णं, तयार सिरप, सुया म्हणजे ॲक्युपंक्चर, आणि लहान मुलांसाठी ‘तुइना’ नावाची दाब-मालिश येते.

त्या सिरपमध्ये असतं काय?

नुस्खे बरेच आहेत, पण काही घटक वारंवार दिसतात. सातव्या शतकातले वैद्य सुन सिमियाओ यांच्या नावाने चालत आलेला स्मरणशक्तीचा एक जुना नुस्खा आहे. त्यात कासवाच्या पाठीची ढाल, ‘ड्रॅगनचं हाड’ म्हणून ओळखली जाणारी प्राण्यांची जीवाश्म हाडं, पॉलिगाला नावाच्या झुडपाचं मूळ आणि आपल्या वेखंडाच्या जातीतलं एक कंद, असे चार घटक आहेत. मुलांसाठीची आजची काही चिनी सिरपं याच घडणीची आहेत. इतर नुस्ख्यांत शिंपल्याचं चूर्ण, रेहमानियाचं मूळ, गोजी बेरी, गॅस्ट्रोडिया आणि बऱ्याचदा ज्येष्ठमध असतं. पूर्वी मन शांत करायला हिंगूळही वापरत. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग, मुलाच्या पोटात ते जाता कामा नये.

पण फरक पडतो का? आम्हाला एवढंच सांगा.

पडतो असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा आज नाही. कारण जरा सविस्तर सांगते, म्हणजे पुढची जाहिरात तुम्हीच तपासू शकाल.

चीनमध्ये यावर खूप अभ्यास झाले आहेत. अनेकांत निष्कर्ष असा की वनौषधी मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या नेहमीच्या गोळीइतकीच गुणकारी आणि त्रास कमी. ऐकायला छान वाटतं. पण त्यातले बरेचसे अभ्यास लहान आहेत आणि काही आठवड्यांतच संपलेले आहेत. कोणत्या मुलाला काय दिलं हे पालकांना आणि डॉक्टरांना ठाऊक होतं, आणि नुसतं गोड पाणी दिलेला तुलनेचा गट नव्हता. एडीएचडीत सुधारणा रक्त तपासून मोजत नाहीत, पालक आणि शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावलीवरून मोजतात. महागडं औषध सुरू आहे हे माहीत असलेली आई मनापासून चांगले गुण देते. तिची त्यात काही चूक नाही, पण त्यामुळे औषधाचा गुण कळत नाही.

चांगल्या प्रयत्नांपैकी एक म्हणजे २०११ साली प्रसिद्ध झालेला ‘निंगदोंग’ दाण्यांचा अभ्यास. त्यात ७२ मुलं होती, ८ आठवडे उपचार झाले, निम्म्यांना निंगदोंग आणि निम्म्यांना मिथाइलफेनिडेट. दोन्ही गटांत सुधारणा दिसली. आशादायक आहे, पण ७२ मुलांच्या दोन महिन्यांवरून लाखो मुलांच्या कित्येक वर्षांचा निर्णय होत नाही. गिंको या झाडाच्या पानांच्या औषधाचं उदाहरण उलटं आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ५० मुलांच्या अभ्यासात गिंको आणि मिथाइलफेनिडेट समोरासमोर आले, तेव्हा गिंको स्पष्टपणे कमी पडला.

चिनी परंपरेतून काही चांगलं येऊच शकत नाही, असं मी म्हणत नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन तिथूनच आलं. तू योयो यांनी जुन्या ग्रंथातली वनस्पती घेतली, तिच्यातलं नेमकं द्रव्य वेगळं काढलं, माणसांवर तपासलं, आणि २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्या अक्कलकुवा-धडगावच्या दवाखान्यांतही मलेरियासाठी याच घराण्यातली औषधं वापरतात. एडीएचडीच्या चिनी सिरपांनी तो प्रवास अजून केलेला नाही.

ॲक्युपंक्चर तरी? त्यात पोटात काही जात नाही.

आपल्याकडे ॲक्युपंक्चरबद्दल आपुलकी आहे, आणि तिला इतिहास आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. त्याच पथकातले डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ही विद्या शिकून ती कोलकात्यात सुरू केली.

एडीएचडीपुरतं बोलायचं तर कॉक्रेन या संस्थेने २०११ मध्ये जगभरचे अभ्यास चाळले. मुलांच्या एडीएचडीवर ॲक्युपंक्चरचा निकषांत बसणारा एकही अभ्यास त्यांना सापडला नाही. नंतर काही अभ्यास झाले, पण त्यांच्यातही वर सांगितलेल्याच उणिवा आहेत. नोंदणी असलेल्या जाणकाराने एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुयांनी केलं तर धोका कमी आहे. तरी सुईला घाबरून रडणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला चार जणांनी धरून बसवायचं, हे मला मान्य नाही.

मालिशचं म्हणाल तर आईने रात्री तेल लावून पाय चोळले तर मूल शांत झोपतं, आणि झोप नीट झाली तर दुसरा दिवस बरा जातो. त्यासाठी कुठल्या केंद्राचं पॅकेज घ्यायची गरज नाही.

झाडपाल्याचंच औषध आहे ना, अपाय काय होणार?

अपाय होतो, आणि कधी कधी कायमचा होतो. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत चुकून ॲरिस्टोलोकिया ही चिनी वनस्पती आली आणि कित्येक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. इफेड्रा ही चिनी पद्धतीतली जुनी वनस्पती हृदयावर ताण आणते, म्हणून अमेरिकेने २००४ मध्ये पूरक औषधांतून तिच्यावर बंदी घातली. वेखंडाच्या कुळातल्या कंदांत बीटा-ॲसारोन नावाचं द्रव्य असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्याचं दिसलं, म्हणून अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाद्यपदार्थांत चालत नाही. ज्येष्ठमध जास्त दिवस, जास्त प्रमाणात पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं.

दुसरा धोका न सांगता घातलेल्या गोष्टींचा. चिनी बाटली असो की देशी, जड धातूंचा प्रश्न दोन्हीकडे आहे. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात इंटरनेटवरून विकत घेतलेल्या आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शिसं तर लक्ष आणि बुद्धी दोन्हींवर घाला घालतं. म्हणजे चंचलपणा कमी करायला दिलेलं औषधच तो वाढवू शकतं.

मुलाला उलट्या, डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, छातीत धडधड, अंगावर पुरळ किंवा एकाएकी सुस्ती दिसली तर औषध थांबवा आणि बाटली सोबत घेऊनच दवाखाना गाठा.

बाटली घरात आलेलीच आहे. आता काय करू?

एका आईने पर्समधून रुमालात गुंडाळलेली अशी बाटली माझ्यासमोर ठेवली होती. तपकिरी काच, लाल झाकण, लेबलवर सगळी चिनी अक्षरं. त्यावर एक छोटा पांढरा स्टिकर चिकटवलेला, ‘रोज दोन चमचे’. चमचा कोणता, मूल किती वजनाचं, आत काय, कुठल्या कंपनीचं, कधीपर्यंत चालेल, यातलं काहीच त्यांना वाचता येत नव्हतं. “ताई, चार हजार गेले हो,” त्या म्हणाल्या. चार हजार म्हणजे त्यांच्या घरात लहान रक्कम नव्हती. त्या पैशांसाठीच उरलेलं औषध संपवावं असं वाटतं, आणि ते मला कळतं.

तरीही ते देऊ नका. घटक, त्यांचं प्रमाण, बनवणारा, मुदत आणि परवाना वाचता आला नाही तर ते मुलाला द्यायचं नाही, मग पाठवणारा सख्खा मामा का असेना. आधीच काही दिवस दिलं असेल तर लपवू नका, डॉक्टरांना बाटली दाखवा. ते रागावले तरी चालेल, पण त्यांना कळलं पाहिजे.

भारतात चिनी औषध देणं कायदेशीर आहे का?

आयुष मंत्रालयाखाली आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी येतात. चिनी वनौषधी पद्धत त्यात नाही. ॲक्युपंक्चरला केंद्राने २०१९ मध्ये वेगळी उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली आणि महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. पण सुया लावायची नोंदणी म्हणजे चिनी सिरप विकायची परवानगी नव्हे. भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर नोंदणी क्रमांक आणि परिषदेचं नाव वाचा. विचारायला संकोचू नका.

डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट लिहून दिलं. त्याने व्यसन लागतं म्हणतात.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत घेणाऱ्या मुलांना व्यसन लागतं असा अनुभव नाही. दुरुपयोग होऊ शकतो म्हणून कायद्याने ते कडक यादीत ठेवलं आहे, दुकानदाराला चिठ्ठीची प्रत ठेवावी लागते. त्यामुळेच ते गावातल्या प्रत्येक मेडिकलवर मिळत नाही आणि लोकांना वाटतं, काहीतरी भयंकर आहे.

या प्रकारच्या औषधाने साधारण १० पैकी ७ मुलांना गुण येतो. त्रासही होतात : भूक कमी होते, झोप उशिरा लागते, पोट किंवा डोकं दुखतं, नाडी आणि रक्तदाब थोडे वाढतात, आणि वर्षानुवर्षं घेतल्यास उंची किंचित मागे राहू शकते. म्हणून सुरुवातीला हृदयाचा इतिहास विचारतात आणि दर काही महिन्यांनी वजन-उंची-रक्तदाब पाहतात. दुपारचा डबा तसाच परत येत असेल तर सकाळी गोळीआधी पोटभर भाकरी-दूध आणि रात्री नीट जेवण द्या. हे औषध सोसलं नाही तर ॲटोमॉक्सेटिनसारखे दुसरे पर्याय आहेत.

६ वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांचं प्रशिक्षण, गोळी नंतर. हा क्रम कोणी उलटा करत असेल तर कारण विचारा.

गोळी आणि चिनी औषध दोन्ही चालू ठेवलं तर?

डॉक्टरांना न सांगता अजिबात नको. गोळीने रक्तदाब वाढू शकतो, ज्येष्ठमधानेही वाढतो. इफेड्रा असेल तर हृदयावर दुहेरी ताण. आणि गुण आला तरी तो कशाचा, त्रास झाला तरी तो कशाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

त्याहून जास्त भीती मला दुसरीच वाटते. चिनी औषधाच्या आशेवर चालू गोळी बंद होते आणि मूल तिसरीतून पाचवीत जातं. त्या दोन वर्षांत सुटलेला गुणाकार, वर्गात मिळालेलं ‘वांड’ हे नाव आणि तुटलेल्या मैत्र्या भरून काढायला फार कष्ट पडतात.

ब्राह्मी, शंखपुष्पी, वेखंडाचं काय?

त्यांनाही हीच कसोटी. ब्राह्मीवर काही अभ्यास आहेत, पण एडीएचडीचा उपचार म्हणावं इतकं बळ त्यांत नाही. बाळाला वेखंड उगाळून चाटवायची पद्धत घराघरात आहे. वर लिहिलेल्या कारणासाठी मी ती बंद करा म्हणते. आजीला वाईट वाटेल, तिला बाजूला घेऊन समजावा.

साखर, मैदा बंद केला तर मूल शांत होईल का?

साखरेने चंचलपणा वाढतो, हे तपासात सिद्ध झालेलं नाही. दातांसाठी आणि वजनासाठी कमी करा, तेवढं पुरे.

घरी आम्ही काय करू शकतो?

पुष्कळ. पालकांनी वागण्याची पद्धत बदलणं हा या त्रासावरचा तपासलेला उपचार आहे, नुसता उपदेश नव्हे.

सूचना एका वेळी एकच, जवळ जाऊन, डोळ्यांत बघून द्या. स्वयंपाकघरातून “दप्तर भर, पाणी घे, चपला घाल, उशीर होतोय” असं ओरडलं तर त्यातलं शेवटचंच ऐकू जातं. अभ्यास दहा मिनिटं, मग तीन मिनिटं उठून मोकळं सोडा. त्या वेळात विहिरीवर, गोठ्यात, अंगणात काहीतरी काम द्या. केळीच्या बागेत पाणी सोडायला वडिलांसोबत धावणारा मुलगा अभ्यासाला बसल्यावर जास्त टिकतो, असं मी पाहिलं आहे. चांगलं केलं की लगेच, तिथल्या तिथे सांगा. परीक्षेनंतर सायकल घेऊ, हे या मुलांना फार लांबचं असतं. मार देऊ नका, त्याने लक्ष वाढत नाही, खोटं बोलणं वाढतं.

उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री अकरापर्यंत ओटे जागे असतात आणि मुलं गच्चीवर मोबाइल घेऊन पडतात. आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) शाळा उघडेपर्यंत झोपेचं वेळापत्रक असं विस्कटतं की जूनमध्ये सगळं नव्याने सुरू करावं लागतं. झोपायच्या आधी तासभर मोबाइल घरात एका जागी ठेवा, मोठ्यांचाही.

गावात म्हणतात बाहेरची बाधा आहे, भगताला दाखवा.

घरच्यांच्या समाधानासाठी अंगारा लावला तर मी भांडत नाही. चटका देणं, धुरी, उपाशी ठेवणं, बांधणं यांतलं काहीही मुलाच्या अंगाला लागू देऊ नका. आणि अंगारा लावून झाल्यावर दवाखान्याची तारीख चुकवू नका.

खान्देशात तपासणीसाठी कुठे जायचं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळांत एकदा येतात, आश्रमशाळांतही. ती ज्या त्रासांची पाहणी करतात त्यांत एडीएचडी आहे. पथक येईल त्या दिवशी शिक्षकांना मुलाचं नाव आधीच सांगून ठेवा. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय असते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे बालरोग आणि मानसोपचार विभागात केस पेपर काढून सुरुवात करता येते. तळोदा, साक्री, रावेरहून एकदम निघणं जमत नसेल तर आधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला, मराठीतही बोलता येतं.

जाताना वह्या, दोन-तीन वर्षांची प्रगतिपत्रकं आणि शिक्षकांनी लिहिलेल्या चार ओळी न्या. घरात कोणतंही सिरप असेल तर तेही.

शाळेला सांगावं का? नाव पडेल म्हणून भीती वाटते.

सांगा, पण सगळ्यांना नाही. वर्गशिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना पुरे. पहिल्या बाकावर जागा, खिडकी-दारापासून लांब, फळा पुसायचं किंवा वह्या वाटायचं काम, आणि एका वेळी कमी गणितं, एवढं मागा. यात शाळेचा खर्च होत नाही. मुलाला वाचन-लेखनाची वेगळी अडचण, म्हणजे अध्ययन अक्षमता असेल तर तिचं प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणून दोन्ही तपासण्या एकत्रच करून घ्या, दहावीच्या वर्षापर्यंत थांबू नका.

आणि मुलाला काय सांगायचं?

खरं सांगायचं, त्याच्या वयाला समजेल असं. तुझं डोकं हुशार आहे, पण एका गोष्टीवर थांबायला त्याला मदत लागते, आणि ती मदत आपण सगळे मिळून करतोय. गोळी चालू असेल तर ती कशासाठी आहे तेही सांगा. ‘ताकदीचं औषध’ म्हणून फसवू नका, चौथीतलं मूल नाव वाचून मोबाइलवर शोधतं. मग त्याला पोटात दुखतं का, झोप येते का, वर्गात कसं वाटतं, हे दर रविवारी विचारा आणि त्याच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा. पुढच्या भेटीला डॉक्टरांना ती वही दाखवा.